आधी भात बघा, मासा मागाहून

विचारा मावशीला : खाण्यापिण्याचे प्रश्न, वाचकांचे

मागच्या अंकात बोलता बोलता लिहून गेले, की न्यू जर्सीत असताना मी एका साध्या सुशी-हॉटेलात काम करायची. आधी गल्ल्यावर, मग मागे भातावर. (सुशी म्हणजे व्हिनेगर घातलेला आंबट-गोड भात, सोबत मासा नाहीतर भाजी; तोच काळ्या शेवाळाच्या पानात गुंडाळून कापला की रोल.) त्यावर एवढी पत्रं आली की हा महिना त्यातच जाणार. मिसळीच्या कटावर वाद घालणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा.

प्र. मावशी, मुलगा-सून न्यू जर्सीत एडिसनला असतात. आम्ही दोघं जूनमध्ये जातोय. ती दोघं दर शनिवारी सुशी खातात आणि आम्हालाही नेणार म्हणून आतापासून सांगून ठेवलंय. मी माळकरी आहे. ह्यांना तांबडा-पांढरा चालतो, पण कच्चा मासा म्हटलं की ताटावरून उठतील. मी तिथं काय नुसतं पाणी पीत बसू?
— एक वाचक, राजारामपुरी

उ. ताई, पाणी प्यायलाही थोडी तयारी लागते, कारण ते अर्धा पेला बर्फ घालून येतं. बसल्या बसल्या ‘नो आइस’ म्हणायचं, नाहीतर गरम ग्रीन टी मागायचा.

जागा कशी असते ते आधी सांगते, म्हणजे निम्मी धास्ती इथंच जाईल. मुलगा नेईल ते हॉटेल बहुतेक एखाद्या लॉन्ड्रीच्या आणि पिझ्झावाल्याच्या मधे असेल. समोर गाड्या लावायला भलं मोठं पटांगण. आत दहाबारा टेबलं, एका बाजूला काचेची थंड पेटी, तिच्यात माशांचे तुकडे मांडलेले आणि मागे टोपी घातलेला माणूस हात ओले करून रोल वळतोय. मालक जपानीच असेल असं काही नाही. आमचे कोरियन होते, पलीकडच्या गावातले चिनी. बऱ्याच ठिकाणी टेबलावर एक छापील कागद आणि बोटाएवढी पेन्सिल ठेवतात. हवा त्या पदार्थापुढे आकडा घालायचा आणि कागद द्यायचा. लोक हाफ पँटवर येतात, पोरं रडतात, कुणी वाढदिवस करतं. तुम्ही साडी नेसून गेलात तर कुणी वळूनसुद्धा बघणार नाही.

आता तुमचं. ‘प्युअर व्हेज’ तिथं चालत नाही. वाढणारी मुलगी मान हलवेल आणि माशाच्या पाण्यातलं सूप आणून ठेवेल, कारण तिच्या हिशेबात त्यात मासा कुठं दिसतोय? तुम्ही ‘व्हेगन’ म्हणा. दूध-लोण्याचं तुम्हाला वावडं नसलं तरी हाच शब्द वापरा, त्यात मासा, अंडं, माशाचं पाणी सगळं एकदम बाद होतं. मुलाला लाज वाटली तर वाटू दे.

मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सूप बहुतेक थाळ्यांबरोबर फुकट येतं आणि दिसायला आपल्या कढणासारखं निरुपद्रवी. पण त्याचा आधार दाशी, आणि दाशी बहुतेक ठिकाणी वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कीसाची करतात. ते ह्यांच्याकडे सरकवा. तळलेला टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, वाटीत पाण्यासकट आला तर ते पाणीही तेच, वर भुरभुरलेला पातळ, वाफेवर हलणारा भुगाही तोच मासा. ‘इनारी’ म्हणजे टोफूच्या गोड पिशवीत भरलेला भात. पिशवी कशात शिजवली ते विचारल्याशिवाय घेऊ नका. केशरी बारीक मणी दिसले तर ती माशाची अंडी. ‘स्पायसी मेयो’त कोंबडीचं अंडं. आणि खेकड्याच्या नावानं मिळणारी ती लाल-पांढरी कांडी! तिच्यात बहुधा पोलॉक नावाच्या माशाचा लगदा, गव्हाचं नाहीतर दुसरं कसलं पीठ, अंड्याचा पांढरा भाग आणि रंग असतो. खेकडा नावापुरता. मला ती कधीच आवडली नाही आणि मी रोज शेकड्यांनी सोलल्यात.

राहिलं काय? पुष्कळ. एदामामे मागा : सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, उकडून मीठ लावलेल्या. दाणे खायचे, साल टाकायची. मग काकडीचा रोल, अॅव्होकाडोचा रोल, मुळ्याच्या पिवळ्या लोणच्याचा रोल. रताळ्याचा तळलेला रोल फार चांगला लागतो, पण दोन गोष्टी विचाराव्या लागतील : पिठात अंडं आहे का आणि तेल कोळंबी तळतात तेच आहे का. तेल बहुधा तेच असतं. वरून काळा गोड सॉस ओततात त्याचं नाव ‘ईल सॉस’. ईल म्हणजे वामच. त्यात वाम सहसा नसते, सोया सॉस, साखर आणि मिरिन असतं. पण मिरिन म्हणजे तांदळाची गोड दारू. तुम्हीच ठरवा. मी तुमच्या जागी असते तर नको म्हटलं असतं.

शेवटचं, हातमोजे आणि फळी. तोच माणूस त्याच फळीवर मासा कापतो आणि तुमची काकडीही. ‘प्लीज चेंज द ग्लव्ह्ज, क्लीन बोर्ड अँड नाइफ’ असं कागदावर पेन्सिलीनं लिहून द्या. आम्ही असा कागद आला की कुरकुर करत नव्हतो. कोळंबीची अॅलर्जी असलेले लोक रोज यायचे, त्यांच्यासाठी हे करावंच लागायचं. गर्दीच्या शनिवारी रात्री साडेसातला न जाता साडेपाचला जा, म्हणजे त्यालाही सवड असते. आणि एकादशीला जाऊच नका, सगळा भातच आहे.

ह्यांची काळजी सोडा. त्या कागदावरचा बराच भाग शिजवलेलाच असतो. तळलेल्या कोळंबीचा रोल, भाजलेली वाम, चिकन तेरियाकीची डबा-थाळी. वाम तर सुशीत कधी कच्ची देतच नाहीत. पहिल्या दिवशी कोळंबी खाऊ दे, तिसऱ्या शनिवारी ते स्वतःच सॅमनकडे बोट दाखवतील. कोल्हापुरी तिखट मात्र त्यांना तिथं मिळणार नाही, हे त्यांना इथूनच समजावून न्या.

प्र. आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. मिशिगनच्या पार्टीनं दुपारी सुशी खायला नेलं. बाजूला पुदिन्याच्या चटणीचा गोळा दिसला म्हणून अख्खा तोंडात टाकला. पुढचं सांगत नाही. सप्टेंबरात परत जायचंय. तिथली रीत जरा सांगून ठेवा.
— एक उद्योजक

उ. दादा, त्या पार्टीनं तुम्हाला पुढची ऑर्डर दिली असणार, कारण असा पाहुणा विसरला जात नाही.

तो गोळा वासाबीचा, म्हणजे वासाबीच्या नावानं मिळणारा. साध्या हॉटेलात तो हॉर्सरॅडिश नावाचं पांढरं तिखट मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचा असतो. खरं वासाबी थंड वाहत्या पाण्यात वाढतं, भयंकर महाग असतं आणि किसलं की काही मिनिटांत त्याचा जोर उतरतो. नकली असो की असली, तिखटपणाची जात मोहरीची. मिरची जिभेवर ठाण मांडते; हे वाफ होऊन नाकात चढतं आणि लगेच उतरतंही. तसं झालं तर पाणी पिऊ नका, तोंडानं श्वास घ्या. मुगाच्या दाण्याएवढं घ्यायचं, बास.

गुलाबी चकत्या आल्याच्या. रोलवर ठेवून खायच्या नसतात, एक मासा संपला की दुसऱ्याच्या आधी जीभ धुवायला. सोया सॉस वाटीत चमचाभरच ओता. भाताच्या घासावर माशाची पट्टी असेल तर घास उलटा करून माशाची बाजू बुडवा. भात बुडवला की तो सुटून वाटीत सांडतो आणि मग तुम्ही चॉपस्टिकनं शितं वेचत बसता. वासाबी सॉसमध्ये कालवू नये म्हणतात, पण मिशिगनच्या दुपारच्या हॉटेलात निम्मी माणसं कालवतात. तुम्हीही कालवा.

हातानं खाल्लं तर चालतं, दादा, हे मी तुम्हाला आनंदानं सांगते. असे हातानं दाबलेले घास एकोणिसाव्या शतकात एडोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, रस्त्यांवर गाड्यांवर विकले जात आणि लोक उभ्या उभ्या हातानं खात. भाताच्या घासाला बिनदिक्कत बोटं लावा. चॉपस्टिक वापरणार असाल तर दोनच गोष्टी टाळा : भातात उभ्या खोचू नका आणि आपल्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नका. जपानात दोन्ही गोष्टी मयताशी जोडलेल्या आहेत; पहिल्यात मृताला ठेवलेला भात, दुसऱ्यात अस्थी वेचणं.

तुमच्या धंद्यातली एक गंमत सांगते. पुढच्या वेळी ते तुम्हाला पट्ट्यावर ताटल्या फिरणाऱ्या हॉटेलात नेतील. तो कन्व्हेअर १९५८ साली ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी नावाच्या माणसानं पहिल्यांदा बसवला, बिअरच्या कारखान्यात बाटल्या सरकताना बघून. वाढायला माणसं मिळेनात, हे त्याचं दुखणं. शिरोलीत हे कुणाला समजावून सांगायला नको.

बिल तुम्ही देणार असाल तर : मिशिगनचा विक्रीकर ६ टक्के वेगळा लागतो, आणि टिप १८ ते २० टक्के धरून चाला. कार्डाच्या पावतीवर टिपची ओळ कोरी सोडून सही ठोकू नका. वाढणाऱ्यांचं घर बहुतांशी त्या ओळीवर चालतं, माझं काही काळ चाललंय.

प्र. नातीनं हट्टानं इथल्याच एका कॅफेत नेलं. सुशी म्हणून तंदूरी पनीर घातलेला भाताचा रोल पुढं आला, वर मेयोनीजच्या रेघोट्या. मी निवृत्त शिक्षक, मला प्रश्न पडला : यात जपानी काय? ही अमेरिकेची नक्कल, आणि तिची ही नक्कल?
— एक ज्येष्ठ वाचक, शाहूपुरी

उ. सर, नक्कल म्हणा, पण गोबी मंचुरियनला चीनमध्ये कुणी ओळखत नाही म्हणून आपण ते खायचं सोडलं का?

आज जगभर सुशी म्हणून जे पोचलंय त्यातलं बरंच अमेरिकेत घडलं. कॅलिफोर्निया रोलचं श्रेय बहुतेक जण लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियो भागातल्या ‘टोकियो कैकान’ हॉटेलच्या इचिरो माशिता या आचाऱ्याला देतात, १९६० च्या दशकातलं. व्हँकूव्हरचे हिदेकाझु तोजो म्हणतात, तो मी केला. भांडण त्यांचं त्यांना लखलाभ. त्यामागचं कारण मात्र मला आवडतं : टूनाचा चरबीदार भाग वर्षभर मिळेना, तेव्हा त्याच्यासारखं तोंडात विरघळणारं काय, तर तिथल्या झाडावरचा अॅव्होकाडो. काळं शेवाळ बघून गिऱ्हाईक नाक मुरडायचं, म्हणून ते आत आणि भात बाहेर असा उलटा रोल वळला गेला. पुढे फिलाडेल्फिया रोलमध्ये क्रीम चीज शिरलं, टूनाच्या खिम्यात मेयोनीज आणि लाल मिरचीचा सॉस शिरला, अख्खा रोलच कुणीतरी तळून काढला. ज्यांना कच्च्या माशाची भीती वाटायची त्यांच्यासाठी हे सगळं मांडलेलं खाणं आहे. म्हणून तर ते तुमच्या नातीपर्यंत आलं.

आणि अस्सलपणाचं म्हणाल तर सॅमनचं बघा. आज टोकियोतलं पोरगंही सॅमनची सुशी मागतं. पण त्यांच्या समुद्रातल्या सॅमनमध्ये जंत असतात म्हणून जपानी लोक तो कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेनं आपला समुद्रातल्या जाळ्यांत वाढवलेला सॅमन तिथं नेऊन चिकाटीनं गळी उतरवला.

तेव्हा पनीरचं मला काही वाटत नाही. मी एकच गोष्ट विचारेन : भात कसा होता?

सर, सुशी चांगली की वाईट ते भातावर ठरतं, आणि हे कॅलिफोर्निया रोलला लागू आहे, टोकियोच्या महागड्या घासालाही. आमच्याकडे सकाळी पहिलं काम भाताचं. आखूड, गोल दाण्याचा तांदूळ, पाणी नितळ येईपर्यंत धुतलेला. शिजला की गरम असतानाच रुंद लाकडी पसरट भांड्यात ओतायचा, त्यावर व्हिनेगर, साखर, मीठ यांचं मिश्रण शिंपडायचं आणि लाकडी उलथन्यानं कापल्यासारखा हलवायचा. ढवळायचा नाही, शितं मोडतात. एकीकडे वारा घालायचा, मग दाण्याला चकाकी येते. त्यानंतर आंबटपणा मोजायचा : पीएच ४.६ च्या वर नको (आकडा जितका कमी तितकं आंबट), तो आकडा वहीत लिहायचा, आरोग्य खात्याचा माणूस कधीही येऊन वही मागू शकतो. त्या आंबटपणामुळेच भात बाहेर, अंगाच्या उबेइतका कोमट ठेवता येतो. फ्रिजमध्ये टाकला की त्यातलं स्टार्च घट्ट होतं, दाणा खडूसारखा लागतो. मॉलमधल्या डबाबंद सुशीचा सगळा रोग हाच.

म्हणून पुढच्या वेळी वरची नक्षी सोडून एक तुकडा नुसता खाऊन बघा. कोमट आहे? उचलताना एकसंध आणि तोंडात गेल्यावर सुटा होतो? आंबट-गोड दोन्ही कळतं, पण एकही डोक्यावर बसत नाही? मग तो कॅफेवाला शिकून आलाय, पनीर असो वा नसो. भात गार, चिकट गोळा आणि शिऱ्याइतका गोड लागला तर नातीला पुढच्या वेळी दूध कट्ट्यावर न्या.

प्र. मावशी, आमच्याकडे रत्नागिरीहून सकाळी आलेली ताजी फडफडीत सुरमई मिळते. तिचीच कच्ची सुशी घरी केली तर? फ्रीझरमध्ये एक दिवस ठेवतो पाहिजे तर.
— एक तरुण वाचक, सानेगुरुजी वसाहत

उ. अजिबात नाही, बाळा. ताजी दिसते म्हणून कच्ची खायची, हा विचारच डोक्यातून काढ.

कच्चा खायचा मासा पकडल्यापासून वेगळा हाताळलेला असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक असा : जंत मारायला उणे २० अंशांवर ७ दिवस, नाहीतर उणे ३५ ला कडक गोठवून त्याच थंडीत १५ तास. (काही जातीचे टूना आणि ठरावीक खाद्यावर वाढवलेले मासे यातून सुटतात.) आपल्या घरच्या फ्रीझरचं दार दिवसातून दहादा उघडतं, वीज जाते, तो तेवढा गार सलग राहतच नाही. शिवाय गोठवून जंत मरतात, जंतू मरत नाहीत. सुरमई, बांगडा, कुपा या कुळातल्या माशांना आणखी एक खोड आहे : मधे कुठं बर्फ कमी पडला की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते एकदा झालं की गोठवून जात नाही, तळूनही जात नाही. रत्नागिरीहून आंबा घाट चढताना टेम्पोत बर्फ किती होता ते तुला माहीत आहे? मलाही नाही.

घरी करायचीच असेल तर शिजवलेलं घाल. इंद्रायणी तांदूळ घे, आपल्याकडे सुशीसाठी सहज मिळणारा तोच चांगला. बासमतीचा रोल वळणारच नाही. दोन वाट्या तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेव, मग नेहमीपेक्षा किंचित कमी पाण्यात शिजव. पाव वाटी राइस व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर, एक छोटा चमचा मीठ. विरघळेपर्यंत कोमट कर, उकळू नको. साधं पांढरं व्हिनेगर असेल तर निम्मं पाणी घाल, ते फार बोचतं. भात परातीत काढून वर सांगितलं तसा कालव.

नोरी, म्हणजे रोलला गुंडाळायचं ते काळं शेवाळाचं पान, ऑनलाइन मिळते. तिची खडबडीत बाजू वर, त्यावर ओल्या हातानं भाताचा पातळ थर, पलीकडच्या कडेला बोटभर जागा मोकळी. मधे बिया काढलेली काकडी आणि तव्यावर भाजून काटे काढलेली तुझी सुरमई. वळताना घट्ट, पण भात चेंगरेल इतकं नाही. सुरी प्रत्येक कापाला ओली करायची, हे विसरलास तर रोलचा चिवडा होईल. मेयोनीजमध्ये घरचा कांदा-लसूण मसाला चिमूटभर कालवून बघ. न्यू जर्सीत मी तो स्टाफच्या जेवणाला द्यायची आणि आमचा कोरियन आचारी बरणी लपवून ठेवायचा.

प्र. मावशी, मी मूळचा कळंब्याचा, आता डॅलसला शिकतोय. आम्ही पाच पोरं ‘ऑल यू कॅन ईट’ सुशीला जाणार. पैसे वसूल कसे करायचे?
— एक विद्यार्थी

उ. आधी दारावरचा कागद वाचा. बहुतेक ठिकाणी टेबलावरच्या सगळ्यांना तेच घ्यावं लागतं, एकानं घ्यायचं आणि पाचांनी खायचं हे चालत नाही. दीड-दोन तासांची मर्यादा असते. आणि उरवलं तर तुकड्यागणिक पैसे लावतात; मासा खाऊन भात रुमालाखाली लपवणारी पोरं मी पुष्कळ पाहिली आहेत, टेबल पुसणाऱ्याला ते दिसतं.

पहिल्या फेरीत तळलेले रोल मागवू नका, तिथंच पोट भरतं आणि त्यांचं तेच गणित असतं. भाताच्या घासांपासून सुरू करा, एकेका माशाचे दोन, मग आवडलं ते परत. टिप याही जेवणावर द्यायची, उलट तुमच्या टेबलाला वाढणाऱ्या मुलीनं दहा खेपा घातलेल्या असतात. पैसे मोजकेच असतील तर शनिवारी रात्री न जाता आठवड्यातल्या एखाद्या दुपारी जा. बऱ्याच ठिकाणी तेव्हा दर कमी असतो.